आधी वर, मग खाली

(साताऱ्यात एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेर फलकावरचा विषय वाचून एका जुन्या अशिलानं मला पायरीवरच अडवलं. म्हणाले, "वकीलसाहेब, आपल्या भाऊबंदकीनं पोट भरलं नाही, म्हणून आता इंग्रजांची काढलीत का?" खरं आहे. चाळीस वर्षं मी दिवाणी कोर्टात वारसाचे दावे चालवले. मयताच्या तेराव्यापर्यंत गळ्यात गळे घालून रडणारे भाऊ चौदाव्या दिवशी तलाठ्याच्या दारात वेगवेगळ्या बाकांवर बसलेले पाहिलेत. त्यामुळे ब्रिटनमधला एखादा ड्यूक निपुत्रिक मरतो आणि त्याचं पद कुठल्या तरी शेतकऱ्याच्या, कीटक-अभ्यासकाच्या नाहीतर नटाच्या दारात जाऊन उभं राहतं, हे वाचलं की मला करमणूक वाटत नाही. मला वाटतं, हा फेरफार कसा पडला ते बघू या.

पण साताऱ्यात बोलतोय, तेव्हा सुरुवात आपल्या ओळखीच्या तीन माणसांपासून करतो.

पहिला डलहौसी. त्याची ओळख या गावात करून द्यायला नको. दुसरा लॉर्ड फॉकलंड, १८४८ ते १८५३ मुंबईचा गव्हर्नर. तिसरा त्याच्या जागी आलेला लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६०. मुंबईला जाणाऱ्यांनी एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर आयुष्यभर धक्के खाल्ले आहेत. २०१८ पासून त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. ते हेच एल्फिन्स्टन. कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट वेगळे, ते यांचे काका.

५ एप्रिल १८४८ ला साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज वारले. मरणाच्या काही तास आधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचं मत होतं की दत्तक मान्य करून राज्य चालू ठेवावं. ते गेले, फॉकलंड आले, मुंबईच्या कौन्सिलाचा कौल फिरला. वर कलकत्त्याला गव्हर्नर-जनरल डलहौसी बसलेला होताच. पोटचा मुलगा नाही, सबब राज्य खालसा. पुढे नागपूर आणि झाशीचं काय झालं ते तुम्ही जाणता.

आता या तिघांच्या घरी काय झालं ते ऐका. डलहौसी १९ डिसेंबर १८६० ला वारला. त्याला दोन मुली, मुलगा नाही. शीख युद्धानंतर १८४९ मध्ये त्याला मार्क्विस हा किताब मिळाला होता, तो त्याच्याबरोबर गेला. पण डलहौसीचं अर्लपद जुनं होतं, १६३३ चं, स्कॉटलंडचं. ते काही 'खालसा' झालं नाही. ते गेलं त्याच्या सख्ख्या काकाच्या मुलाकडे, फॉक्स मॉलकडे. हा क्रिमियाच्या लढाईच्या काळातला ब्रिटनचा युद्धमंत्री. त्यालाही मूल नव्हतं. १८७४ मध्ये तो वारला तेव्हा ते पद तिसऱ्या काकाच्या मुलाकडे, एका आरमारी अधिकाऱ्याकडे गेलं. एल्फिन्स्टनही १८६० मध्येच वारला, तो तर अविवाहित. आदल्याच वर्षी मिळालेली नवी बॅरनी संपली आणि घराण्याचं जुनं स्कॉटिश पद चुलत्याच्या वंशात गेलं. फॉकलंडचा एकुलता एक मुलगा बापाच्या आधी गेला, म्हणून १८८४ मध्ये किताब गेला भावाकडे आणि दोन वर्षांनी तिथून पुतण्याकडे.

तिघांपैकी एकाचाही किताब मुलाकडे गेला नाही. तरी तिन्ही घराणी चालू राहिली. म्हणजे 'पोटचा मुलगा नाही' हे वाक्य त्यांच्या घरात कुणाच्या मुळावर आलं नाही. याच्याकडे मी परत येणार आहे. आधी यंत्र कसं चालतं ते समजून घेऊ.

ब्रिटनमध्ये उमरावांच्या पाच पायऱ्या. वरून खाली ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. त्याखाली बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेचे 'सर'. ते उमरावांत मोडत नाहीत, पण वारसाचे नियम तसेच. राजा एखाद्याला हे पद देतो तेव्हा मोठ्या शिक्क्याची सनद निघते. सनदेत पदाचं नाव असतं, आणि एक कलम असतं की हे पद पुढे कुणाकडे जाईल. नेहमीचे शब्द असे: अमक्याला आणि त्याच्या शरीरापासून औरस जन्मलेल्या पुरुष वारसांना. सगळी गंमत या एका ओळीत आहे. प्रत्येक शब्द दगडासारखा. 'औरस' म्हणून लग्नाआधीची मुलं बाद. 'शरीरापासून' म्हणून दत्तक बाद. 'पुरुष' म्हणून लेकी बाद आणि लेकींचे मुलगेही बाद.

आपली नेहमीची समजूत अशी की किताब शेवटच्या धन्याकडून त्याच्या चुलत भावाकडे 'आडवा' जातो. कोर्टात नवखे वकीलही वंशावळ अशी आडवीच वाचतात. पण किताब आडवा कधीच जात नाही. शेवटचा धनी निपुत्रिक मेला की आपण वर चढायचं. त्याच्या बापाकडे: दुसरा मुलगा होता का? नाही. आजोबांकडे: काका होता का, त्याचे मुलगे? नाही. असं चढत चढत, लागलं तर थेट सनदेच्या पहिल्या धन्यापर्यंत जायचं, आणि तिथून थोरलीनंतर धाकटी अशा क्रमानं जिवंत पुरुष सापडेपर्यंत खाली उतरायचं. म्हणजे नवा अर्ल हा मेलेल्या अर्लचा वारस नसतो. तो तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा वारस असतो. मेलेल्या अर्लला तो आयुष्यात भेटलाही नसेल.

पोर्टलंडच्या घराण्यावर हे हाताशी धरून दाखवता येतं. विल्यम तिसरा हॉलंडहून येऊन इंग्लंडचा राजा झाला तेव्हा त्याच्याबरोबर हान्स विलेम बेंटिंक नावाचा जिवलग आला. १६८९ मध्ये तो अर्ल ऑफ पोर्टलंड झाला. त्याचा थोरला मुलगा १७१६ मध्ये ड्यूक ऑफ पोर्टलंड झाला. हे दोन किताब नीट वेगळे ठेवा. अर्लपदाचं मूळ बाप आहे, ड्यूकपदाचं मूळ मुलगा. अडीचशे वर्षं दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर होते, म्हणून फरक कुणाला दिसला नाही. सती बंद करणारा लॉर्ड विल्यम बेंटिंक याच घरातला, तिसऱ्या ड्यूकचा दुसरा मुलगा.

१९७७ मध्ये सातवा ड्यूक वारला. दोन मुली, मुलगा नाही. चढा वर. तिसऱ्या ड्यूकपर्यंत चढावं लागलं; त्याच्या धाकट्या मुलाच्या शाखेतला एक म्हातारा केनियात स्थायिक झालेला सापडला. तो आठवा ड्यूक. चार वर्षांच्या आत तोही गेला, मग त्याचा भाऊ नववा ड्यूक, जुना मुत्सद्दी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचा अध्यक्ष. त्याचा एकुलता मुलगा आधीच वारलेला. १९९० मध्ये नववा ड्यूक गेला आणि पहिल्या ड्यूकच्या पोटचा एकही पुरुष उरला नाही. ड्यूकपद संपलं. पण अर्लपदाचं मूळ एक पायरी वर आहे. बापानं दुसरं लग्न केलं होतं आणि त्या लग्नाची संतती युरोपात काउंट म्हणून नांदत होती. तिकडून खाली उतरत गेल्यावर जो सापडला तो अकरावा अर्ल. १९९७ पासून त्याचा मुलगा टिम बेंटिंक बारावा अर्ल आहे. धंद्यानं नट. बीबीसी रेडिओवरच्या 'द आर्चर्स' या कधीच न संपणाऱ्या मालिकेत तो डेव्हिड आर्चर नावाच्या शेतकऱ्याचा आवाज आहे, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकाडिली लाइनवर एके काळी 'माइंड द गॅप' म्हणून प्रवाशांना बजावणारा आवाजही त्याचाच.

मग त्या ड्यूकांची जमीन? वेलबेक अॅबीची प्रचंड इस्टेट? ती सातव्या ड्यूकच्या मुलीकडे राहिली. किताब केनियाला गेला, जमीन नॉटिंगहॅमशायरमध्ये लेकीच्या हाती. हे ध्यानात घ्या, कारण आपल्याकडे सरदारकी म्हटलं की वतन आलंच. तिकडेही जुन्या काळी जमीन थोरल्या मुलालाच बांधून ठेवणारे करार असत. किताब आणि वाडा एकाच गाडीतून जात. १८८२ च्या कायद्यानं अशी बांधील जमीन विकायला मोकळीक दिली, १८९४ पासून मृत्युकर बसला, आणि गाठ सैल होत गेली. आज लांबच्या चुलत भावाला बहुतेक वेळा नुसतं नाव मिळतं. पूर्वी त्या नावाबरोबर लॉर्डांच्या सभागृहात बसायचा हक्क तरी यायचा. १९९९ च्या कायद्यानं ९२ जण सोडून बाकीच्यांचा तोही गेला.

मधेच एक मजेशीर बारकावा सांगतो. वारस दोन प्रकारचे. एक पक्का, म्हणजे थोरला मुलगा. त्याला कुणी हटवू शकत नाही. दुसरा तूर्तचा, म्हणजे भाऊ, पुतण्या, चुलत भाऊ. उद्या मुलगा झाला की याची खुर्ची गेली. आणि मयताची बायको गरोदर असण्याची शक्यता असेल तर तूर्तच्या वारसानं थांबायचं. हा नियम राजगादीलाही. १८३७ मध्ये विल्यम चौथा वारला आणि व्हिक्टोरिया राणी झाली, तेव्हा द्वाहीतच लिहिलं होतं की मयत राजाला त्याच्या राणीपासून पुढे अपत्य झालं तर त्याचा हक्क अबाधित राहील. राणी अॅडलेड तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती! सरकारी कागद मात्र आशा सोडत नाही.

लेकींचं विचाराल, तर काही फार जुन्या बॅरनी स्त्रियांकडे जाऊ शकतात. पण तिथे दुसरं त्रांगडं. मुलांमध्ये थोरला-धाकटा आहे, लेकींमध्ये नाही. तीन मुली असल्या तर तिघींचा सारखा हक्क, आणि बॅरनी तर तीन तुकड्यांत वाटता येत नाही. मग ती त्रिशंकूसारखी लटकते, एकीचाच वंश उरेपर्यंत किंवा राजानं कुणा एकाच्या पदरात टाकेपर्यंत. स्ट्रॅबोल्गी नावाची बॅरनी अशी १३६९ पासून लटकत होती, ती १९१६ मध्ये खाली उतरली. माउंटबॅटनला मुलगे नव्हते, म्हणून त्याच्या अर्लपदाच्या सनदेतच मुलीची सोय केली. त्याच्या खुनानंतर १९७९ मध्ये थोरली लेक काउंटेस, म्हणजे स्त्री-अर्ल, झाली. ज्याचं वजन आहे त्याची सनद वेगळी निघते. यात इंग्रजी असं काही नाही, तालुक्याला जाऊन बघा.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो.

एडवर्ड कोर्टनी नावाचा पोरगा. बाप राजद्रोहात मारला गेला आणि हा बारा-तेरा वर्षांचा असताना लंडनच्या टॉवरमध्ये कोंडला गेला. पंधरा वर्षं आत. १५५३ मध्ये मेरी राणी गादीवर आली, तिनं त्याला सोडवलं आणि अर्ल ऑफ डेव्हन केलं. तीन वर्षांनी तो इटलीत पाडुआला वारला. लग्न नाही, मूल नाही. सगळ्यांनी धरलं, पद संपलं. कोर्टनींची दुसरी शाखा डेव्हनमध्येच पाउडरहॅमच्या किल्ल्यात राहत होती, पण ती चौदाव्या शतकातच वेगळी झालेली. त्यांना पुढे व्हायकाउंटपद मिळालं, तेवढ्यावर ते राहिले.

एकोणिसाव्या शतकात त्या शाखेचा तिसरा व्हायकाउंट अविवाहित होता. पुरुषांशी संबंध ठेवल्याचा खटला होईल या भीतीनं देश सोडून गेलेला, पॅरिसमध्ये दिवस काढणारा. त्याच्याबरोबर व्हायकाउंटपद बुडणार हे उघड होतं. त्याचा एक चुलत-चुलत भाऊ होता, तोही विल्यम कोर्टनी, एका बिशपचा मुलगा, नोकरीनं पार्लमेंटच्या दप्तरातला वरिष्ठ अधिकारी. कागदांत वाढलेला माणूस. त्यानं १५५३ ची सनद काढून वाचली. लॅटिन. त्यात पद एडवर्डला आणि त्याच्या पुरुष वारसांना दिलं होतं. 'त्याच्या शरीरापासून जन्मलेल्या' हे नेहमीचे शब्द नव्हते. लॅटिनमध्ये जेमतेम दोन शब्द, 'दे कॉर्पोरे'. लेखनिकाच्या डुलकीनं राहिले की मुद्दाम गाळले, त्यावर आजही वाद घालता येईल. पण नव्हते.

त्यावर त्यानं दावा लावला. स्वतःसाठी नाही, पॅरिसमधल्या भावासाठी! कारण पद भावाला मिळालं तरच पुढे याला मिळणार. (हा डाव मला वकील म्हणून फार आवडतो. असाच एक डाव मी स्वतः एकदा हरलो, पण ती गोष्ट पुढच्या वर्षी.) १८३१ मध्ये लॉर्डांच्या सभेनं निकाल दिला: 'शरीरापासून' हे शब्द नाहीत, म्हणजे पोटच्याच वारसाची अट नाही, भाऊबंदही चालतील. २७५ वर्षं मेलेलं म्हणून सोडून दिलेलं पद जिवंत झालं, आणि तेही अशा माणसाकडे ज्याचा आणि मूळ धन्याचा सामाईक पूर्वज चौदाव्या शतकात होऊन गेला होता. मधली जी पिढ्यान्‌पिढ्या माणसं स्वतःला नुसते कोर्टनी समजून मेली, त्यांना मागाहून अर्ल धरून क्रमांक दिले. पॅरिसवाला नववा अर्ल ठरला. १८३५ मध्ये तो वारला आणि दप्तरवाला भाऊ दहावा अर्ल झाला.

आता साताऱ्याचा कागद घ्या. १८१९ चा कंपनीचा आणि प्रतापसिंह महाराजांचा, म्हणजे आप्पासाहेबांच्या थोरल्या भावाचा, करार. त्यात राज्य दिलं ते महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना, कायमचं. 'शरीरापासून' हे शब्द तिथेही नाहीत. उलट 'उत्तराधिकारी' हा जादा शब्द आहे. इथे दत्तक मुलगा होता, आणि दत्तक हा हिंदू कायद्यात पुरा वारस, हे कंपनीची स्वतःची कोर्टं रोज मान्य करत होती. दत्तक नको म्हटलं तरी भोसल्यांच्या शाखा होत्या. डेव्हनचा निकाल लागून सतराच वर्षं झाली होती. एका कागदात दोन शब्द नाहीत म्हणून पाचशे वर्षं लांबचा भाऊबंद चालला. दुसऱ्या कागदात तेच दोन शब्द नसताना ते आहेत असं समजून राज्य गिळलं.

मला माहीत आहे, समोर बसलेले इतिहासाचे प्राध्यापक मान हलवताहेत. करार म्हणजे सनद नव्हे, राज्य म्हणजे किताब नव्हे. कबूल. डलहौसीचा युक्तिवाद असाच होता की सार्वभौम सत्तेच्या मान्यतेशिवाय दत्तकाला राज्य मिळत नाही, आणि मान्यता द्यायची की नाही हा सत्तेचा अधिकार. पण मी दप्तरातला माणूस आहे. क्लार्कसारख्या त्यांच्याच गव्हर्नरला कागद सरळ वाचता आला. डलहौसीला वाचता येत नव्हता असं नाही. स्वतःच्या घरचा कागद त्याला बरोबर वाचता येत होता. त्याचं अर्लपद काकांच्या मुलांकडे जाणार हे त्यालाही ठाऊक असणार.

असो. पाणी पितो, मग पुराव्याकडे वळू.

लांबच्या भावाला हक्क मिळवायचा तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, मी मूळ पुरुषाचा औरस वंशज आहे. हे सोपं: प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू. अवघड आहे ती दुसरी गोष्ट. माझ्यापेक्षा थोरली जी जी शाखा होती, ती निर्वंश झाली. निर्वंश हा शब्द आपल्याकडे शाप म्हणून वापरतात. तिकडे त्याचा दाखला जोडावा लागतो. तुमच्या पणजोबाचा थोरला भाऊ वयाच्या विसाव्या वर्षी जमैकाला पळून गेला असेल, तर त्यानं तिथे लग्न केलं नाही, केलं तर मुलगा झाला नाही, झाला तर तो मेला, हे दाखवा. नसलेल्या माणसाचं नसणं सिद्ध करा! हे सगळं पटलं की नाव उमरावांच्या अधिकृत नोंदवहीत चढतं. २००४ पासून अशी नोंदवही आहे. तीत नाव नसेल तर सरकारदरबारी तुम्ही लॉर्ड नाही. आपली वारस नोंद, दुसरं काय.

या पुराव्याच्या जात्यात एग्मंटचा अर्ल भरडला गेला. हे घराणं नावाजलेलं. खून झालेला ब्रिटनचा एकमेव पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल याच घरातला. १९२९ मध्ये अर्ल वारला आणि वारस निघाला कॅनडात, कॅल्गरीजवळ प्रिडिस इथे गुरं राखणारा एक मळेकरी. तो पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन इंग्लंडला आला आणि हॅम्पशायरमधल्या एव्हन कॅसल या भल्यामोठ्या घरात राहू लागला. शेजारपाजाऱ्यांत मिसळणं जमलं नाही. वर्तमानपत्रवाले फाटकाशी. हक्काचे कागद पुरे व्हायच्या आतच, १९३२ मध्ये, मोटार अपघातात तो गेला. मुलाचा हक्क शाबीत व्हायला १९३९ उजाडलं, आणि तो शाबीत झालेला अर्ल अल्बर्टात गुरांकडे परत गेला. २०११ मध्ये ते पदही संपलं. मला त्या बापलेकांची दया येते. घोड्यावर बसून दिवसभर कुंपण तपासणारी माणसं. त्यांना कुणी विचारलंच नाही की तुम्हाला हे हवंय का. पद नाकारायची सोय कायद्यात आली ती १९६३ मध्ये.

आणि अलीकडची गोष्ट. स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याचं बॅरोनेटपद, १६८३ चं. दहावा बॅरोनेट सर स्टुअर्ट प्रिंगल हा मरीन सैन्याचा सेनानी. १९८१ मध्ये आयरिश बंडखोरांनी मोटारीला लावलेल्या बाँबनं त्याचा पाय गेला होता. घराण्याचा मूळ पुरुष कोण, प्रमुख कोण, हे शोधण्यासाठी कुळातल्या लोकांनी डीएनए तपासणी हाती घेतली. त्यानंही सरळ मनानं नमुना दिला. निकाल आला तो भलताच. त्याचा डीएनए बाकीच्या प्रिंगलांशी जुळेना. अर्थ एकच, त्याचा बाप हा आठव्या बॅरोनेटच्या रक्ताचा नव्हता. २०१३ मध्ये सर स्टुअर्ट वारल्यावर दोन दावेदार उभे राहिले: त्याचा मुलगा, आणि आठव्या बॅरोनेटच्या दुसऱ्या मुलाच्या शाखेतला एक हिशेबनीस. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे, तिकडच्या एका वरिष्ठ न्यायमंडळापुढे, गेलं. २०१६ मध्ये निकाल लागला की डीएनए हा पुरावा धरता येईल. पद हिशेबनिसाकडे गेलं. शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं काय केलं, ते तिच्या नातवाच्या लाळेत निघालं. हे वाचल्यावर मी घरी सांगून ठेवलंय, कुणी हौसेनं असल्या तपासण्या करायच्या नाहीत.

[श्रोत्यांतून प्रश्न आला: असा एखादा किताब हिंदुस्थानात कुणाकडे आला का?]

आला असता. ही गोष्ट शेवटी ठेवलीच होती, कारण तिची सुरुवात होळकरांकडे होते.

विल्यम लिनियस गार्डनर हा इंग्रज अठराव्या शतकाच्या अखेरीस यशवंतराव होळकरांच्या नोकरीत होता, पलटणी उभ्या करत होता. खंबायतच्या नबाबी घराण्याशी बोलणी चालू असताना पडद्याच्या फटीतून त्याला दोन डोळे दिसले, आणि त्या डोळ्यांच्या धनिणीशीच त्यानं लग्न केलं. पुढे होळकरांशी बिनसलं, पळाला, अमृतराव पेशव्यांच्या हाती लागला, तिथूनही निसटला आणि १८०४ मध्ये घसियाऱ्याचं, म्हणजे गवत कापणाऱ्याचं, सोंग घेऊन इंग्रज सेनापती लॉर्ड लेकच्या छावणीत पोचला. नंतर उत्तर हिंदुस्थानात एटा भागात कासगंजला त्यानं घर केलं. १८३५ मध्ये तो वारला, महिनाभरात बेगमही गेली. मुलगा बादशहाच्या घरात लग्न करून बसला होता. घर निम्मं इंग्रजी, निम्मं मोगलाई.

विल्यमचा चुलता आरमारातला अॅडमिरल, तो बॅरन गार्डनर झाला. या पुतण्याच्या वंशाला त्या पदाशी देणंघेणं नव्हतं, कारण सनद चुलत्याच्या शरीरापासूनच्या वारसांना. पण विल्यमच्या नातीचं लग्न झालं ते त्याच चुलत्याच्या नातवाशी. त्यांचा मुलगा अॅलन हाइड गार्डनर कासगंजचा आणि तरीही बॅरनच्या थेट पुरुष वंशातला. त्यानंही पुढे दिल्लीच्या राजघराण्यातली मुलगी केली.

१८८३ मध्ये तिकडे तिसरा बॅरन वारला. त्याला हर्बर्ट नावाचा मुलगा होता, सख्खा, पोटचा. पण त्याची आई नटी, आणि आईबापांचं लग्न झालं ते त्याच्या जन्मानंतर दहा वर्षांनी. 'औरस' हा शब्द आठवा. हर्बर्ट बाद. चढा वर, उतरा खाली, आणि बोट येऊन थांबतं ते कासगंजच्या घरावर.

हर्बर्ट हुशार होता. राजकारणात गेला, शेतीखात्याचा मंत्री झाला, आणि १८९५ मध्ये त्यानं स्वतःची नवी बॅरनी मिळवली, बर्गक्लेअर नावाची. त्याला चार मुली झाल्या, आणि १९२१ मध्ये ती बॅरनी त्याच्याबरोबर संपली. बापाची जुनी बॅरनी मात्र संपलेली नाही. वंश आहे, दावा शाबीत नाही, म्हणून ती १८८३ पासून सुप्त धरली आहे. कासगंजला अजून फेरफार पडायचा आहे.